जपानी शिकायचीय? 'ठसठस' आणि 'चुरचुर' येत असेल तर सुरुवात झालीच म्हणून समजा

नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. गाडीची घोषणा इथे हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होते. जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांच्या घरी भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी बोलली जाते. शाळेत मराठी असते, बाजारात हिंदी आणि गुजराती. यातल्या बहुतेक भाषा कुणी क्लास लावून शिकलेलं नसतं. ऐकत, चुकत, सौदा करत त्या येतात.

मग जपानी भाषा अशी शिकता येईल का?

लिपीसाठी आणि परीक्षेसाठी अभ्यास करावाच लागेल. पण जपानमध्ये रोज कानावर पडणारे शब्द, वाक्प्रचार आणि म्हणी यांच्या बाबतीत मराठी माणसाची बरीच तयारी आधीच झालेली असते. ती कशी, हे समजून घेऊ.

हा विषय आत्ताच का?

जपानची लोकसंख्या घटतेय आणि म्हातारी होतेय. त्यामुळे वृद्धांची देखभाल, शेती, बांधकाम, हॉटेल, कारखाने अशा कामांसाठी त्या देशाला बाहेरून माणसं हवी आहेत. त्यासाठी एप्रिल २०१९ मध्ये 'तोकुतेइ गिनो' म्हणजे विशिष्ट कौशल्य असलेल्या कामगारांचा व्हिसा सुरू झाला. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांनी याबाबत करार केला. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पुढच्या पाच वर्षांत भारतातून ५० हजार कुशल आणि अर्धकुशल लोक जपानला जातील, असं उद्दिष्ट जाहीर केलं.

या व्हिसासाठी साधारणपणे दोन गोष्टी लागतात: कामाची कौशल्य परीक्षा आणि जपानी भाषेची परीक्षा. भाषेसाठी जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा चालते. देखभालीच्या कामासाठी त्या क्षेत्रातल्या जपानीची आणखी एक परीक्षा द्यावी लागते.

जेएलपीटी १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या एन-५ (सर्वांत सोपी) ते एन-१ (सर्वांत अवघड) अशा पाच पातळ्या आहेत. या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासलं जातं. बोलण्याची परीक्षा त्यात नाही. म्हणजे तोंडातून एकही जपानी वाक्य न काढता एखादा उमेदवार ती पास होऊ शकतो. अडचण मग जपानमध्ये उतरल्यावर सुरू होते. तिथे दुकानदार, घरमालक, सहकारी आणि पेशंट पुस्तकातली भाषा बोलत नाहीत.

मराठी माणसाला जपानी सोपी का वाटू शकते?

मराठी आणि जपानी एका कुळातल्या भाषा नाहीत. पण दोघींची वाक्यं घडवण्याची पद्धत जवळची आहे.

पहिली गोष्ट, क्रियापद शेवटी येतं. 'मी पाणी पितो' हे जपानीत 'वाताशि वा मिझु ओ नोमिमास' असं होतं. शब्दांचा क्रम तोच. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला वाक्य उलटं करावं लागतं, आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट, जपानीत विभक्तीसारखे छोटे शब्द नामाच्या मागे लागतात. 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. 'पुणे कारा तोक्यो मादे' याचा अर्थ सांगायलाही नको. प्रश्न विचारताना शेवटी 'का' येतो, जसा आपल्या 'जायचं का?' मध्ये येतो. दुजोरा मागताना 'ने' येतो, आपल्या 'ना' सारखा. ही साम्यं योगायोगाची आहेत, पण लक्षात ठेवायला कामाची.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. आपण दोन क्रियापदं जोडून बोलतो: खाऊन बघ, लिहून ठेव, घेऊन ये. जपानीत अगदी हेच होतं.

- ताबेते मिरु: खाऊन बघणे ('मिरु' म्हणजे बघणे)
- काइते ओकु: लिहून ठेवणे ('ओकु' म्हणजे ठेवणे)
- मोत्ते कुरु: घेऊन येणे ('कुरु' म्हणजे येणे)
- ताबेते शिमाउ: खाऊन टाकणे ('शिमाउ' म्हणजे संपवणे, आवरणे)

अहिराणी बोलणाऱ्यांना तर आणखी एक भेट आहे. 'तो खातोय' याला जपानीत 'ताबेते इरु' म्हणतात. 'इरु' म्हणजे असणे, राहणे. अहिराणीतलं 'खाई राहिना' याच घडणीचं आहे. शाळेत जी भाषा 'गावठी' म्हणून बाजूला सारली जाते, ती इथे उपयोगी पडते.

उच्चारांचंही तसंच. 'त्सुनामी'मधला 'त्सु' अनेक परदेशी लोकांना जमत नाही. मराठीत 'चूल' म्हणताना जीभ जिथे लागते, जवळपास तिथूनच तो निघतो. आणि जपानी अक्षरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे. बौद्ध धर्माबरोबर भारतीय वर्णमालेचा अभ्यास जपानमध्ये पोचला आणि तिथल्या पंडितांनी आपली अक्षरं त्या धर्तीवर लावली. त्यामुळे हा क्रम बाराखडी शिकलेल्याला ओळखीचा वाटतो.

दारातून बाहेर पडताना आणि ताटावर बसताना

जपानमध्ये दिवसाचे ठरावीक क्षण असतात आणि त्या क्षणांचे ठरावीक शब्द. ते अर्थासकट शिकले तर विसरत नाहीत.

घरातून निघताना जपानी माणूस 'इत्तेकिमास' म्हणतो. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमास' म्हणजे येतो. शब्दशः 'जाऊन येतो'. आपल्याकडे 'जातो' म्हटलं तर आजी लगेच टोकते, 'येतो म्हण'. घरात असलेला माणूस उत्तर देतो 'इत्तेराश्शाय', म्हणजे 'जाऊन या'. परत आल्यावर 'तादाइमा' म्हणायचं, 'आत्ताच आलो' या अर्थाने. घरातून उत्तर येतं 'ओकाएरी'. अनेक वसतिगृहांत आणि कामाच्या ठिकाणीही हे शब्द चालतात.

जेवायच्या आधी 'इतादाकिमास' म्हणतात. ज्या क्रियापदापासून हा शब्द आला, त्याचा जुना अर्थ डोक्यावर धरणे, नम्रपणे स्वीकारणे असा आहे. आपण प्रसाद कपाळाला लावून घेतो, तीच भावना. जेवण झालं की 'गोचिसोसामा देश्ता'. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावपळ. जेवण घालण्यासाठी कुणीतरी धावपळ केली, तिची ही पावती.

काम संपल्यावर सहकाऱ्याला 'ओत्सुकारेसामा' म्हणतात. 'त्सुकारे' म्हणजे थकवा. 'दमलात, बरंच काम केलंत' असा त्याचा सूर असतो.

दुकानात बिल करताना कानावर पडेल 'आतातामेमास का?', म्हणजे 'गरम करून देऊ का?'. 'फुकुरो' म्हणजे पिशवी. जुलै २०२० पासून प्लास्टिक पिशवीला पैसे पडतात, म्हणून ती हवी का हे विचारलं जातं. राहत्या घरी पहिला महत्त्वाचा शब्द 'गोमि', म्हणजे कचरा. 'मोएरु गोमि' जळणारा, 'मोएनाइ गोमि' न जळणारा. कोणता कचरा कोणत्या वारी ठेवायचा हे ठरलेलं असतं. इथे चूक झाली की शेजाऱ्यांशी पहिला खटका उडतो.

दुखणं सांगणारे शब्द

आपण दुखण्यासाठी एकच शब्द वापरत नाही. दाढ ठणकते, गळू ठसठसतं, खरचटलेलं चुरचुरतं, पोटात मळमळतं. इंग्रजीतून हे सांगताना आपली पंचाईत होते. जपानी माणूस मात्र नेमकं असंच बोलतो. जपानीत असे नादमय शब्द शेकड्यांनी आहेत आणि डॉक्टरसुद्धा पेशंटला ते वापरून प्रश्न विचारतात.

- झुकिझुकि: ठसठस, ठणका
- हिरिहिरि: चुरचुर, आग होणे (भाजलेली, खरचटलेली जागा)
- चिकुचिकु: सुई टोचल्यासारखं
- गानगान: डोक्यात घण बसल्यासारखं
- शिकुशिकु: पोटात बारीक बारीक दुखत राहणं
- किरिकिरि: पोटात तीव्र कळ
- मुकामुका: मळमळ
- फुराफुरा: तोल जाणे, झोकांड्या
- गोरोगोरो: पोटातली गुडगुड, ढगांचा गडगडाटही

आता विचार करा. देखभाल केंद्रात रात्रपाळीला असलेल्या मुलीला एक आजोबा म्हणतात, छातीत 'चिकुचिकु' होतंय. हा शब्द तिला कळला आणि तिने तो जसाच्या तसा नर्सला सांगितला, तर पुढची तपासणी लवकर होईल. तिने फक्त 'इताइ', म्हणजे दुखतंय, एवढंच कळवलं तर माहिती अर्धी राहिली. एन-४ च्या तयारीत अशा शब्दांना फारशी जागा नसते.

आणि इंग्रजी अर्थ पाठ करून हे शब्द बसत नाहीत. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला ठणक्याचा इंग्रजी प्रतिशब्द आधी शिकावा लागेल आणि मग जपानी. 'झुकिझुकि म्हणजे ठसठस' हे मात्र एकदा ऐकलं की पुरतं. तुमच्या वहीत जपानी शब्दासमोर इंग्रजीऐवजी मराठी, अहिराणी, पावरी, जो घरचा शब्द असेल तो लिहा.

हेच पावसाचं. 'शितोशितो' म्हणजे रिमझिम, 'झाझा' म्हणजे धो धो. 'दोकिदोकि' म्हणजे छातीत धडधड, 'किराकिरा' म्हणजे चमचम आणि 'पेरापेरा' म्हणजे एखादी भाषा घडाघडा बोलणं.

'हो' म्हणजे नेहमी होकार नसतो

जपानी माणूस तोंडावर 'नाही' म्हणायचं टाळतो. आपल्याकडे कुणी 'बघू' म्हटलं की काम होणार नाही हे आपण ओळखतो. जपानीत 'कांगाएते ओकिमास', म्हणजे 'विचार करून ठेवतो', हे बहुतेकदा त्याच अर्थाने येतं. 'चोत्तो...' म्हणजे 'जरा...' असं म्हणून माणूस वाक्य अर्धवट सोडतो, तेव्हा त्याला नकार समजायचं.

'दाइजोबु' म्हणजे 'ठीक आहे'. पण 'चहा हवा का?' याला कुणी 'दाइजोबु देस' म्हणालं तर बहुधा 'नको, राहू द्या' असा अर्थ होतो. 'केक्को देस' हा असाच दुधारी शब्द आहे: 'छान आहे' किंवा 'नको'. बोलणाऱ्याचा हात आणि चेहरा बघून ठरवायचं. समोरचा बोलताना जपानी माणूस सारखा 'हाइ, हाइ' म्हणतो. तो आपल्या 'हं... हं...' सारखा आहे, 'ऐकतोय' एवढंच सांगतो.

याला जपानीत 'कूकि ओ योमु' म्हणतात, शब्दशः 'हवा वाचणे'. आपण म्हणतो रागरंग ओळखणे.

मानाचे शब्दही जपून वापरावे लागतात. 'सान' दुसऱ्याच्या नावाला लावतात, स्वतःच्या नाही. 'मी पाटील-सान' म्हणणं हे 'मी पाटीलसाहेब बोलतोय' असं म्हणण्यासारखं. स्वतःच्या आईबद्दल बाहेर बोलताना 'हाहा', दुसऱ्याच्या आईला 'ओकाआसान'. तुमच्या मातोश्री आणि आमची आई, असा तो भेद.

म्हणी: चित्र वेगळं, मुद्दा तोच

म्हणी पाठ करण्यापेक्षा आपल्या म्हणीशी जोडून लक्षात ठेवणं सोपं.

- उमा नो मिमि नि नेन्बुत्सु: घोड्याच्या कानात बुद्धनाम. आपली 'गाढवापुढे वाचली गीता'.
- नेको नि कोबान: मांजरापुढे सोन्याचं नाणं. आपली 'गाढवाला गुळाची चव काय'.
- हाना योरि दांगो: फुलांपेक्षा दांगो (तांदळाच्या पिठाचे गोड गोळे) बरे. आपली 'आधी पोटोबा मग विठोबा'. चेरीची फुलं बघायला जाऊन खाण्यावर ताव मारणाऱ्यांना ही ऐकवतात.
- चिरि मो त्सुमोरेबा यामा तो नारु: धूळ साचली तरी डोंगर होतो. आपली 'थेंबे थेंबे तळे साचे'.
- सारु मो कि कारा ओचिरु: माकडही झाडावरून पडतं. नवख्याच्या नव्हे, तरबेज माणसाच्या हातून चूक झाली की म्हणतात.
- इशि नो उए नि मो सान्नेन: थंड दगडावरही तीन वर्षं बसलं तर तो ऊबदार होतो. नव्या नोकरीत टिकून राहा, असं सांगताना वडीलधारे ही म्हण काढतात.

शरीराच्या अवयवांवरचे वाक्प्रचार मात्र सावधपणे घ्यायला हवेत. 'कुचि गा कारुइ' म्हणजे तोंड हलकं, अर्थात पोटात काही न राहणारा माणूस. 'काओ गा हिरोइ' म्हणजे चेहरा रुंद, ज्याची ओळखपाळख मोठी असा. 'हारा गा तात्सु' म्हणजे पोट उभं राहतं, अर्थ राग येणे. 'ते ओ नुकु' म्हणजे हात काढून घेणे, अर्थ कामात हयगय करणे. साहेबांनी हे म्हटलं तर ती तक्रार आहे. आणि 'मिमि गा इताइ' म्हणजे कान दुखतो. तो खरंच दुखत असेल किंवा तुमचं बोलणं वर्मी लागलं असेल.

पुस्तकातली जपानी आणि गावातली जपानी

प्रमाण जपानीत 'कोवाइ' म्हणजे भीती वाटणे. पण जपानच्या उत्तर भागात, होक्काइदो आणि तोहोकुमध्ये, अनेक वयस्कर माणसं थकवा आला, अंग जड झालं की 'कोवाइ' म्हणतात. प्रमाण भाषेत 'एराइ' म्हणजे थोर, पण नागोयाकडे दमलेला माणूस 'एराइ' म्हणतो. ओसाकाकडे 'धन्यवाद'साठी 'ओकिनि' ऐकू येतं.

परदेशी कामगारांची गरज शहरांइतकीच गावांनाही आहे आणि तिथल्या केंद्रांतल्या आजी-आजोबांची भाषा ही अशी असते. घरी अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी असा अनुभव असलेल्याला यात नवल वाटणार नाही. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' हे विचारायची सवय त्याला असते. ती जपानमध्ये सोडू नका.

आणीबाणीत लागणारे शब्द

१७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. ६,४०० हून अधिक लोक गेले. तिथे राहणाऱ्या अनेक परदेशी लोकांना अवघड जपानीतल्या सूचना कळल्या नाहीत. त्यातून 'यासाशी निहोंगो' म्हणजे सोपी जपानी ही कल्पना पुढे आली. 'हिनान' या जड शब्दाऐवजी 'निगेरु' (पळणे), 'ताकादाइ'ऐवजी 'ताकाइ तोकोरो' (उंच जागा) असं सांगायचं. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपावेळी एनएचके वाहिनीने पडद्यावर सोप्या लिपीत 'त्सुनामी! निगेते!' असं लिहिलं होतं. 'निगेते' म्हणजे 'पळा'.

तरीही अवघड शब्द ओळखता यायलाच हवेत, कारण पाट्यांवर तेच असतात. जिशिन (भूकंप), हिनान (सुरक्षित जागी जाणे), काजि (आग), क्यूक्यूशा (रुग्णवाहिका), आबुनाइ (धोका, सांभाळा) आणि तासुकेते (वाचवा) हे सहा शब्द विमानात बसण्याआधीच पाठ हवेत.

अवघड काय आहे?

लिपी. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं काही आठवड्यांत येतात. पण कांजि चित्राक्षरं फार आहेत. सरकारी नित्योपयोगी यादीतच २,१३६ आहेत. त्याला रोजचा सराव हाच उपाय.

दुसरं म्हणजे स्वरांची लांबी. 'ओबासान' म्हणजे मावशी, आत्या. 'बा' लांबवून 'ओबाआसान' म्हटलं की आजी. 'ब्योइन' म्हणजे दवाखाना आणि 'बियोइन' म्हणजे ब्युटी पार्लर. टॅक्सीत बसून चुकलात तर उतरल्यावर कळेल.

घरबसल्या सुरुवात कशी करायची?

- एनएचके वर्ल्डचे जपानी भाषेचे ऐकण्याचे धडे फुकट आहेत आणि हिंदीतूनही मिळतात. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरि' हे पुस्तक जपानमधल्या रोजच्या जगण्यावरच आधारलेलं आहे. तेही ऑडिओसह फुकट डाउनलोड करता येतं.
- घरातून निघताना, परतताना, जेवताना जपानी शब्द मोठ्याने म्हणा. घरच्यांनाही उत्तरं शिकवा. जोडीदाराशिवाय 'तादाइमा'ला अर्थ नाही.
- दिवसाला पाच शब्द, आणि प्रत्येकासमोर तो कधी वापरतात हे एका ओळीत लिहा. नुसता अर्थ नको.
- जेएलपीटी भारतात साधारणपणे जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई इथे केंद्रं आहेत. क्लासचं प्रमाणपत्र व्हिसासाठी या परीक्षेची जागा घेत नाही. कुणी 'परीक्षेशिवाय पाठवतो' म्हणून पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

हे मोठ्या शहरातच जमतं असंही नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट या गावातल्या जिल्हा परिषद शाळेने २०१९ मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? रोबोट आणि तंत्रज्ञानाचं आकर्षण असलेल्या मुलांनी जपानी निवडली. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्ग झाले, ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना फोनवाल्या मुलांनी शिकवलं. तिकडे अंबरनाथमध्ये जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा भागाच्या सभागृहावर निवडून आले. तिथल्या मतदारांपुढे प्रचार करायचा तर जपानीतच बोलावं लागतं.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या ज्या मुलाने पावरीतून मराठी आणि मराठीतून हिंदी गाठली, त्याने नवी भाषा कानाने पकडण्याचं काम दोनदा केलेलं आहे. जपानी ही त्याची तिसरी किंवा चौथी खेप असेल. आज रात्री जेवायला बसताना 'इतादाकिमास' म्हणून बघा. 'म्हणून बघा' हे जपानीत कसं होईल, याचा अंदाज आता तुम्हालाही करता येईल: 'इत्ते मिते'.